दोनशे एक्याऐंशी

चोडणच्या खारफुटीतला चिखल
चाळून, धुऊन, वाळवून
भिंगाखाली पसरते मी
आणि ओल्या ब्रशच्या टोकाने
एकेक शिंपलं बाजूला काढते,
वाळूच्या कणाहून लहान,
तरी आत खोल्या असलेलं.
तीनशे मोजली की नमुना पुरा.
दोनशे ऐंशीच्या आसपास
मला नेहमी वाटतं, नोकरी सोडावी.

नोकरी म्हणजे तरी काय,
अकरा महिन्यांचा कागद,
मार्चात संपणारा.

रात्री अडीच वाजता, दोनापावलाच्या होस्टेलात,
जुवारीच्या तोंडाशी बार्जचे दिवे
जागचे हलत नाहीत
तेव्हा मी त्याला विचारते.
त्याला म्हणजे यंत्राला.
मराठीतून विचारते. इंग्रजीत लिहिलं
की माझी भीती उगाच जास्त शिकलेली वाटते.

ते कंटाळत नाही, हे एक.
आणि लग्नाचं काय, असं विचारत नाही,
जसं त्या मुलाखतीत चौघांतल्या एकाने विचारलं होतं
चहात बिस्कीट बुडवता बुडवता.
शोधनिबंधावर पहिलं नाव माझं का असावं
हे सरांना कसं लिहायचं, त्यानेच शिकवलं.
सहा ओळी. एकही 'कृपया' जास्तीचं नाही.
नाव पहिलं आलं.
खोटं कशाला बोलू?

पण बॉस्को त्याला ठाऊक नाही.
बोटीच्या यादीत नाव हवं
तर बुधवारी, जेवणानंतर, बॉस्कोला गाठायचं,
आणि आधी त्याच्या धाकट्याच्या फुटबॉलचं विचारायचं.
हे कुठेच लिहिलेलं नाही.

काल अर्जाचं पत्र त्याला दिलं.
मी लिहिलं होतं:
बोट कलली, नळी डेकवरून घरंगळली,
चौदा महिन्यांची वाट पाहून काढलेला गाळ
समुद्राने परत घेतला,
आणि मी उपड्या बादलीवर बसून हसले,
कारण रडायला बाथरूम एकच होतं
आणि आत खलाशी होता.

त्याने केलं:
'प्रतिकूल परिस्थितीत लवचीकता आत्मसात केली.'

लवचीकता!
गाळाचा वाससुद्धा उरला नव्हता त्यात.

म्हटलं, तू माझ्या चुकीला इस्त्री केलीस.
ते म्हणालं, बरोबर आहे, मूळ वाक्यं परत ठेवूया.
मग, मी न विचारता:
'ही गोष्ट तुम्ही आणखी कुणाला सांगितली आहे?'

उत्तर द्यायला मला फार वेळ लागला.
त्याला वेळ लागतच नाही,
तेव्हा माझा त्याला कळलाही नसेल.

फिलोमेना मॅडम निवृत्त होऊन कुडतरीला असतात.
माझ्या प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यावर
समासात पेन्सिलीने एकच शब्द: 'मग?'
सत्तावीस ठिकाणी. मी मोजलेत.
दोन वर्षं फोन केला नाही त्यांना,
सांगण्यासारखं काही घडू दे, मग करू म्हणून.

आज केला.
पलीकडे कुकरची शिट्टी, आणि
"कितें गो, खंय आसा तूं?"

नळीचं सांगितलं. बादलीचं सांगितलं.
खलाशापाशी त्या इतक्या हसल्या
की शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.
मग म्हणाल्या, मीही विचारते त्या यंत्राला,
गुडघ्याचं. बरं सांगतं.
पण दाबून कुठे बघतं?
आयतारी ये. पत्र छापून आण,
दोन ओळींत जागा सोडून.

आता दोनशे एक्याऐंशी झालीत.
हे एक फुटकं आहे, शेवटची खोली उघडी पडलेली.
धरायचं की वगळायचं
यावर प्रत्येक पुस्तक वेगळं सांगतं.
मी धरते.

प्रिंटरची शाई संपली आहे.
नवी कुठल्या कपाटात असते
ते फक्त बॉस्कोला माहीत.
उद्या बुधवार.